जुनी छापील चित्रं खाजगी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेताना तुम्ही काय काय बघता?

करवीर_सुमेध:
नमस्कार मंडळी. वाचत असतो नेहमी, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमच्या आजोळी देवघराच्या वर रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. वाटण्या झाल्या तेव्हा ती कुणाकडे गेली ते आजतागायत कळलं नाही, आणि आईच्या बोलण्यात दर दिवाळीला ती येतेच. आता कोल्हापुरात राजारामपुरीत नवीन घर झालंय तर तसलीच एक जुनी लक्ष्मी शोधून आईला द्यायची असं मनात आहे. नवीन छापलेल्या महाद्वार रोडला पाहिजे तेवढ्या मिळतात, त्या नकोत.

फेसबुकवर जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर एकाने टाकलंय, "ओरिजिनल रविवर्मा लक्ष्मी, १९०० सालची, १४ बाय २० इंच, सागवानी फ्रेमसकट, १८ हजार फिक्स". माणूस बेळगावचा आहे म्हणतो. फोटो चार टाकलेत पण सगळे काचेवरून, वर ट्यूबलाइटची चमक. निम्मे पैसे आधी यूपीआयवर टाका, मग कुरिअर करतो, उरलेले पोचल्यावर. शिवाय अजून दोघंजण मागतायत, आज रात्रीपर्यंत सांगा म्हणून घाई चाललीय.

दुकानदारापेक्षा मला घरातल्या माणसाकडूनच घ्यायला आवडेल, कारण चित्र कुठल्या भिंतीवर होतं, कुणी आणलं होतं हे सांगणारं कुणीतरी असतं. पण मग विश्वास कशावर ठेवायचा? चित्र खरं जुनं आहे हे फोटोवरून कसं ओळखायचं, पैसे कसे द्यायचे, आणि पोचेपर्यंत ते धड राहील याची काळजी कशी घ्यायची, तिन्हीबद्दल सांगा.

टपालतिकीट:
अ‍ॅडव्हान्स द्यायचा नाही. विषय संपला.

बिंदूचौक_बॉईज:
भावा "आज रात्रीपर्यंत सांगा" म्हटलं की समजायचं जाळ अन् धूर संगटच निघणार हाय. सव्वाशे वर्षं थांबलेली लक्ष्मी अजून दोन दिस थांबंल की. आजचा पुढारी चित्राशेजारी ठेवून फोटो पाठवायला सांग, तारीख दिसली पाहिजे. न्हाई पाठवला तर सोड विषय.

दगडछाप:
सुमेध, माझं आयुष्य छपाईत गेलं, आधी लेटरप्रेस मग ऑफसेट, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, पैशाचं बाकीचे सांगतील.

आधी एक लक्षात घ्या की रविवर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत गिरगावात सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं तीच चित्रं छापली जात राहिली. रविवर्मा स्वतः १९०६ ला गेले. त्यामुळे चित्र रविवर्मा प्रेसचं आहे एवढ्यावरून ते १९०० सालचं ठरत नाही, आणि नुसती लक्ष्मी बघून साल सांगणारा माणूस एक तर ऐकीव सांगतोय नाहीतर गिऱ्हाईक बघून सांगतोय.

आता ओळखायचं कसं. ही चित्रं दगडावरून छापलेली असत. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर चरबीच्या शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, ओल्या जागेवर शाई बसत नाही, चरबीवर बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एका चित्राला दहाबारा रंग सहज. त्यामुळे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून लक्ष्मीचा गाल बघितला तर रवा सांडल्यागत लहानमोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतात, गुलाबी वेगळे, पिवळे वेगळे, तपकिरी वेगळे, आणि ते कुठल्याच ओळीत नसतात. हाताने मारलेले ठिपके आहेत ते. ऑफसेटला तसं नसतं. तिथे चारच रंग आणि ठिपके एका ठरलेल्या कोनात, ठरलेल्या अंतरावर, त्यांची गोल गोल नक्षी तयार होते, कुठल्याही कॅलेंडरवर भिंग धरा, लगेच दिसेल. आणि इंकजेटवर काढलेली प्रिंट असेल तर ठिपके अतिशय बारीक, फवारा मारल्यासारखे, कडा कुठेच धड नाहीत.

फसवणारी जागा पुढे आहे. जुन्या दगडछाप चित्राचा फोटो काढून तो ऑफसेटवर छापला तर लांबून हाताचे ठिपकेही दिसतात, पण भिंग धरलं की त्या ठिपक्यांच्या आत पुन्हा चार रंगांची नक्षी दिसते. आत नक्षी दिसली की ती नक्कल.

अजून एक. कडेला बघा. दहाबारा दगड एकावर एक तंतोतंत बसवणं सोपं काम नव्हतं, त्यामुळे साडीच्या काठाला किंवा हाताच्या रेषेला कुठेतरी एखादा रंग केसभर बाहेर आलेला असतो. मला तर ती केसभर चूक बघितली की छापणारा माणूस समोर उभा राहिल्यासारखं वाटतं.

मंजिरी_त:
दगडछाप काका, काय सुंदर सांगितलंत. पण हे सगळं हातात चित्र असेल तर. मोबाइलच्या फोटोत कसं बघणार?

दगडछाप:
मोबाइलला लावायचं मॅक्रो लेन्सचं चिमटं मिळतं, फार महाग नसतं. विकणाऱ्याकडे नसेल तर साधं लहान मुलांचं भिंग कॅमेऱ्यासमोर धरून फोटो काढायला सांगा, चेहरा, हात आणि खालची कड, तीन जागा पुरे. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवायचं म्हणजे मापाचा अंदाज येतो. उजेड खिडकीचा, फ्लॅश नको. काच काढून. काच काढत नाही म्हणणाऱ्याशी पुढे बोलायचंच नाही.

आणि खाली छापखान्याचं नाव असेल तर त्या ओळीचा वेगळा फोटो. बऱ्याच चित्रांचा खालचा समास फ्रेममध्ये बसवताना कापलेला असतो, त्यामुळे नाव नाही म्हणजे खोटंच असंही नाही.

खासबाग_विद्या:
आणि पाठ! पाठीचा फोटो सगळ्यात आधी मागा. पुढची बाजू कुणीही छापतो, पाठ छापता येत नाही. जुना कागद कडेला तपकिरी होतो, मधे जिथे हवा लागत नाही तिथे फिका राहतो, फळीच्या गाठीचा किंवा खिळ्याच्या गंजाचा डाग कागदात उतरलेला असतो. चहात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो, मधेसुद्धा, ते बघितलं की कळतं.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चचं पण सांगते, नोटा तपासायला दुकानात असते ती. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते त्या उजेडात निळसर चमकतं. अंधाऱ्या खोलीत पाठीवर टॉर्च मारून व्हिडिओ पाठवायला सांगायचं. चमकला तर कागद नवा. चमकला नाही तर मात्र जुनाच असं ठरत नाही कारण आजकालच्या काही चांगल्या कागदांतही ते रसायन नसतं. आणि टॉर्च चित्राच्या कागदावरच मारा, मागे नंतर चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर नको.

नीलांबरी_कोल्हापूर:
मी जरा वेगळं बोलणार आहे. विकणाऱ्याच्या बाजूने.

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर जपलेली चित्रकार रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं आणि दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आम्ही मागच्या वर्षी विकायला काढली, कारण घर लहान आणि पावसाळ्यात ओल येते. जे अनुभव आले ते सांगवत नाहीत. एकाने तर, पाठीचा फोटो, कडेचा फोटो, टॉर्चचा व्हिडिओ, आधार कार्ड, घराचा पत्ता, सगळं घेतलं आणि शेवटी म्हणाला निम्म्यात द्या. एक जण म्हणाला मी सैन्यात आहे, आता पोस्टिंगवर आहे, माणूस पाठवतो, पैसे आधी टाकतो, हा क्यूआर स्कॅन करा. ओळखपत्राचा फोटोपण पाठवला. पैसे घ्यायला मी कशाला स्कॅन करू? माझी मुलगी शेजारी होती म्हणून लगेच लक्षात आलं, नाहीतर सासूबाईंनी पिन टाकलाच असता.

तर फसवणारे दोन्हीकडे असतात. विकणारी बाई घरातली वस्तू काढतेय, तिला आधीच वाईट वाटतंय, तिच्याशी चोर पकडल्यासारखं बोलू नका. काय काय बघायचंय ते एकदाच, नीट, नमस्कार घालून विचारा.

करवीर_सुमेध:
नीलांबरी ताई, पटलं. हे डोक्यात ठेवतो. मुळगावकरांचं अजून काही शिल्लक आहे का हो? हे विचारायला वेगळा मेसेज करतो.

टपालतिकीट:
पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही. पिन फक्त पैसे जायला लागतो. हे वाक्य घरातल्या फ्रिजवर चिकटवा. आणि कुणी स्क्रीन दाखवायचं अ‍ॅप टाका म्हटलं तर फोन ठेवून द्यायचा.

पंचगंगाकाठ:
कोल्हापूरकरांसाठी खास. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांत आमच्या भागात पाणी घरात होतं. भिंतीवरच्या फ्रेमा भिजल्या त्यातल्या बऱ्याच नंतर वाळवून, नवीन फ्रेम करून बाजारात आल्या, मी डोळ्यांनी बघितल्यात. त्यामुळे या भागातलं चित्र घेत असाल तर खालच्या अंगाला आडवी तपकिरी रेघ आहे का बघा, पाणी जिथवर चढलं तिथे ती उमटते. कागद लाटा आल्यासारखा वरखाली झालेला असतो, काचेखाली दाबून बसवला तरी तिरप्या उजेडात कळतो. म्हणून एक फोटो बाजूने बॅटरी मारून मागायचा. काळे हिरवे ठिपके असतील तर घरात आणूच नका, बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते.

रंकाळा_संध्याकाळ:
थोडं अवांतर. "आबालाल रहिमानांचं ओरिजिनल" म्हणून एक जण मला प्रिंट विकत होता, वॉटरकलरची लेझर प्रिंट, वर मॅट वॉर्निश मारून. आबालाल म्हणजे आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार, १९३१ ला गेले, कोटितीर्थ तळ्यावर राहायचे, शाहू महाराज गेल्यावर दुःखाने त्यांनी स्वतःची चित्रं तळ्यात टाकली असं इथली जुनी माणसं सांगतात, त्यामुळे त्यांच्या नावाने काहीही विकायला आलं की कोल्हापूरकराचं काळीज आधी हलतं, आणि त्यावरच हे लोक धंदा करतात. मी त्याला म्हटलं टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आबालाल आहेत, चल शेजारी ठेवून बघू. तो परत आला नाही.

मला म्हणायचंय ते हे की डोळा तयार करायला आपल्याकडे जागा आहेत. टाऊन हॉलला जा, राजारामपुरीत चंद्रकांत मांढऱ्यांचं कलासंग्रहालय आहे, सिनेमातला देखणा नट म्हणून सगळे ओळखतात पण त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे रंगाची पूड कागदावर घासून केलेली कामं जवळून बघा, हाताने केलेलं काम कसं दिसतं ते डोळ्यात बसलं की छापलेलं लगेच वेगळं कळतं. सुमेध तुमच्या तर घराजवळच आहे.

बिंदूचौक_बॉईज:
आबालाल बुवांचं नाव घेऊन लेझर प्रिंट विकतोय? त्याला तांबडा रस्सा म्हणून रंगाचं पाणी पाजाय पाहिजे.

लिनो_आणि_शाई:
मी इथल्याच कलामहाविद्यालयात शिकतो, प्रिंटमेकिंग करतो. सगळे जुन्याच चित्रांबद्दल बोलताय म्हणून लिहितो, आमच्यासारखी मुलं लिनोकट, वुडकट, एचिंग (लिनोवर, लाकडावर किंवा धातूच्या प्लेटवर चित्र कोरून हाताने छापलेल्या प्रती) ऑनलाइन विकतात तिकडेपण बघा की. तिथे फसवणूक वेगळी असते. खालच्या समासात पेन्सिलीने ७/२० असं लिहिलेलं असतं, म्हणजे वीस प्रतींतली सातवी, उजवीकडे चित्रकाराची सही. हा आकडा आणि सही छापलेली असेल तर त्याला अर्थ नाही, पेन्सिलीचीच पाहिजे, तिरक्या उजेडात ग्रॅफाइट चमकतं. एचिंग असेल तर प्लेटच्या कडेचा दाब कागदावर चौकोनी उमटलेला असतो, बोट फिरवलं की लागतो. आणि चित्रकार हयात असेल तर सरळ त्यालाच मेसेज करून विचारायचं, ही सातवी प्रत तू कुणाला दिलीस. आम्ही वहीत लिहून ठेवतो.

इंकजेटवर काढून ७/२० लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. दाबाल तितक्या निघतात त्या, वीसच का?

मंजिरी_त:
लिनो, इथे असहमत. माझ्याकडे एका चित्रकर्तीची इंकजेट प्रिंट आहे, जाड कापसाच्या कागदावर, पिगमेंटच्या शाईने, तिने स्वतः रंग जुळवून काढलेली. तिने पंचवीस काढीन म्हटलं आणि पंचवीसवर थांबली. तिच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? मूळ चित्र मला या जन्मात परवडलं नसतं. फक्त विकताना ती काय आहे ते स्पष्ट सांगितलं पाहिजे, शाई कुठली, कागद कुठला. डाय शाईची असेल तर उन्हात लवकर उडते.

लिनो_आणि_शाई:
स्पष्ट सांगितलं तर माझी तक्रार नाही ताई. माझा राग न सांगणाऱ्यांवर आहे.

काळाकोट:
कायद्याचं थोडक्यात, सगळ्यांच्या उपयोगाचं.

धंदा म्हणून न विकणाऱ्या खाजगी माणसाकडून घरातली वस्तू घेतली तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुतेक वेळा अडतो, कारण समोरचा व्यापारी नाही. पण वस्तुविक्री कायदा, १९३० चा, तो लागू होतो. वर्णनावरून वस्तू विकली तर वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. म्हणून वर्णन लिहून घ्या. फोनवर "ओरिजिनल हाय हो" याला काही किंमत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर "दगडछाप जुना ओलिओग्राफ, नक्कल नाही, नक्कल निघाल्यास पैसे परत" असं लिहून आलं तर आहे. (ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी ही जुनी छापील चित्रं.) ग्रुपवरची मूळ जाहिरात, फोटो, प्रोफाइल, सगळ्याचे स्क्रीनशॉट पैसे द्यायच्या आधी काढा, नंतर पोस्ट गायब होते.

पैसे गेलेच तर सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन योगायोगाने १९३० च आहे. लाजत बसू नका, त्याच क्षणी फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवले तरच परत मिळायची शक्यता असते. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते.

मुळगावकर आणि दलालांचा विषय निघाला म्हणून, चित्रकार गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. दलाल १९७१ ला गेले, मुळगावकर १९७६ ला, म्हणजे दोघांचेही हक्क अजून आहेत. त्यांच्या चित्रांच्या नव्या प्रिंटा वारसांच्या परवानगीशिवाय विकणं चूक. नीलांबरी ताईंसारखी मूळ जुनी छापील प्रत विकायला मात्र काहीच हरकत नाही. रविवर्मा केव्हाच मुक्त झालेत, म्हणूनच त्यांच्या एवढ्या नकला दिसतात. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू परदेशातल्या भाच्याला पाठवायचा विचार असेल तर थांबा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही.

रंकाळा_संध्याकाळ:
काळाकोट साहेब, वाचनखूण साठवली.

सुमेध, त्या माणसाचे फोटो गूगल लेन्सवर टाकून बघितले का, म्हणजे तेच फोटो नेटवर आणखी कुठे आहेत का ते कळतं? आणि फोटो आरशासारखा उलटा करूनपण टाका, चोरलेले फोटो बरेचदा उलटवून टाकतात म्हणजे सहज सापडत नाहीत.

फ्रेमचौकट:
आमचं फ्रेमिंगचं काम आहे वडिलांपासून. पॅकिंगचं कुणीच बोललं नाही म्हणून.

जुना ओलिओग्राफ ट्यूबमध्ये गुंडाळून कधीही मागवू नका. तैलचित्रासारखं दिसावं म्हणून त्यावर वॉर्निश असायचं, काहींवर कापडाचा पोत दाबलेला असायचा, ते वॉर्निश शंभर वर्षांत कडक होतं, गुंडाळलं की आडव्या भेगा पडल्याच समजा. ट्यूब नव्या प्रिंटला चालते, तीपण जाड पाहिजे, हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप कापून घेतला तर कुरिअरवाल्यानं पाय दिला तरी काही होत नाही. जुनं चित्र सपाटच आलं पाहिजे. वर बटर पेपर, दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा चार बोटं मोठी सनबोर्ड किंवा प्लाय, कडेला टेप, मग प्लास्टिक, मग बाहेरचं खोकं. चित्राला टेप कुठेही लागता कामा नये. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या आत. फ्रेमसकट येणार असेल तर काच काढून यायला सांगा, काच इथे चारशे रुपयात मिळते, फुटलेल्या काचेचा चरा चित्रावरून जात नाही.

साडीवर जरी, टिकल्या, मोती लावलेली चित्रं येतात, त्या काळी घरातल्या बायका हौसेने सजवायच्या, तसलं असेल तर कुरिअर नकोच, गाडीतून मांडीवर आणायचं. त्या टिकल्या काढायला लावणारे महाभाग मी बघितलेत, आम्ही ते काम घेत नाही.

आणि लॅमिनेशन? कुणी करा म्हटलं तर त्याच्या दुकानातून उठून या.

खासबाग_विद्या:
टिकल्या काढायला लावतात?! अहो त्यातच तर जीव आहे.

बिंदूचौक_बॉईज:
पण मुळात बेळगाव लांब हाय का? कागल, निपाणी, बेळगाव. सकाळी निघालास तर जेवून, कुंदा घेऊन परत. कुरिअर कशाला पाहिजे? बघायला येतो म्हण, काय म्हणतोय बघ.

करवीर_सुमेध:
मंडळी, काल सगळं केलं. क्रमाने सांगतो.

त्याला नीट, नीलांबरी ताईंनी सांगितल्यासारखं नमस्कार घालून पाठीचा, कडेचा आणि काच काढून फोटो मागितला. फ्रेम सील आहे, उघडली तर किंमत जाते म्हणाला. मग बघायला येतो म्हटलं, तर आता बेळगावला नाही, हुबळीला साइटवर आहे, घरी वडील एकटे, त्यांना त्रास नको. व्हिडिओ कॉल? कॅमेरा खराब. तरी शेवटी लेन्सवर फोटो टाकले, सरळ टाकले तर काही नाही, रंकाळा म्हणाले तसं उलटवून टाकले आणि तेच चित्र परदेशातल्या एका लिलावाच्या जुन्या पानावर निघालं, उजव्या कोपऱ्यातल्या फ्रेमच्या टवक्यासकट. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सगळे स्क्रीनशॉट पाठवले, पोस्ट काढली त्यांनी. पैसे एक रुपया गेला नाही, तुम्हा सगळ्यांमुळे.

टपालतिकीट:
शाब्बास.

पंचगंगाकाठ:
त्याचा नंबर १९३० ला पण कळवा. पैसे गेले नसले तरी पोर्टलवर संशयित नंबर नोंदवता येतो. पुढच्या कुणाचे तरी वाचतील.

नीलांबरी_कोल्हापूर:
सुमेध, माझ्याकडे मुळगावकर आहेत तीनचार, तुम्ही मेसेज केलात त्याचं उत्तर दिलंय. पण तुमच्या लक्ष्मीसाठी एक सुचवते. माझ्या माहेरी गडहिंग्लजला शेजारच्या काकूंकडे रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आहे, मुलं पुण्याला, काकू पण आता तिकडेच जाणार आहेत, चांगल्या घरी गेली तर द्यायची आहे म्हणतात. मी काल फोन केला होता. पाठीचा फोटो त्यांच्या नातीने लगेच पाठवला, तुम्हाला आणि दगडछाप काकांना पाठवते. किंमत त्यांनी सांगितली नाही, तुम्हीच बघून सांगा म्हणाल्या, तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईंना फसल्यासारखं वाटेल असं काही करू नका एवढीच विनंती.

दगडछाप:
फोटो बघितले. पाठ चांगली आहे, फळीच्या तीन पट्ट्यांचे डाग कागदात उतरलेत, कडा तपकिरी, मधे फिका. खाली छापखान्याची ओळ अर्धी कापली गेलीय पण मळवली वाचता येतंय. एका कोपऱ्याला कसर लागलेली दिसते, चित्रापर्यंत पोचलेली नाही. भिंगातून बघितल्याशिवाय शेवटचं सांगणार नाही, पण मला आशा आहे. रविवारी मी मोकळा आहे, येतो बरोबर, लूप (छपाईवाल्यांचं भिंग) आणतो.

किमतीबद्दल, अशा चित्रांचे गेल्या वर्षभरातले विक्रीचे भाव चारपाच ठिकाणी बघून जा, मागणीचे नव्हे, खरंच विकल्या गेलेल्यांचे. आणि ते काकूंना दाखवून मगच आकडा बोला.

करवीर_सुमेध:
काका, तुम्ही येताय म्हटल्यावर अजून काय पाहिजे. ताई, काकूंना सांगा की भाव दाखवूनच बोलेन. आणि ते चित्र कुणी आणलं, कुठल्या भिंतीवर होतं, ते त्यांच्याकडून ऐकून आईसाठी लिहून घेणार आहे.

पैसे कसे देऊ? रोख की यूपीआय?

काळाकोट:
चित्र हातात घेतल्यावर, तिथेच बसून, काकूंच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात. नातीच्या किंवा शेजाऱ्याच्या नको. आधी एक रुपया टाकून नाव बरोबर येतं का बघा, मग बाकीचे. त्यांना रोखच हवी असेल तर रोख, पण पावती दोन प्रतींत करा, एक त्यांच्याकडे. पावतीवर "रविवर्मा प्रेस, मळवली, लक्ष्मी, जुना छापील ओलिओग्राफ, फ्रेमसह", माप, कोपऱ्याला कसर लागल्याची नोंद, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. साल खात्रीचं नसेल तर लिहू नका, काकूंनाही लिहायला लावू नका.

फ्रेमचौकट:
येताना काच तिथेच उतरवा, चित्र दोन प्लायमध्ये घालून मागच्या सीटवर आडवं ठेवा, डिकीत नको, तिथे तापतं. आणि सोमवारी दुकानात घेऊन या. कसर आधी साफ करायला लागेल, मग अ‍ॅसिड नसलेला माउंट, काचेला चित्र चिकटू नये म्हणून मधे पट्टी. फ्रेम जुनीच ठेवू, सागवान असेल तर फक्त मेण लावू.

करवीर_सुमेध:
सोमवारी संध्याकाळी येतो. प्लाय उद्याच कापून घेतो, १८ बाय २४ इंच पुरेल ना?

फ्रेमचौकट:
ते चित्राला पुरेल. फ्रेमसकट आणणार असाल तर फ्रेमचं बाहेरचं माप काकूंच्या नातीकडून मागवून घ्या आणि त्यापेक्षा चार बोटं मोठा कापा.